'स्मृतिचित्रे'तील आनंद

आमच्या बालाघाटात मराठी पुस्तक हौसेने वाचणारी माणसे थोडी. मुले घरी पोवारी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात, आणि मराठी त्यांना भेटते ती आजीच्या तोंडून किंवा गोंदिया-तुमसरकडच्या सोयरिकीतून. तरीही आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादे जुने पुस्तक वाचतो. गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावयास घेतली होती. ती वाचून झाल्यावर आमच्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी आपले मत दिले. ते म्हणाले, "पुस्तक उत्तम, भाषा तर लोण्यासारखी. पण बाईंचे ख्रिस्तीपण म्हणजे काय? पतिव्रतेचे शेवटचे व्रत! नवरा जिकडे गेला तिकडे बाई गेल्या. टिळक वारकरी झाले असते तर त्यांनीही तुळशीची माळ घातली असती."

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर सुचले नाही. आक्षेप नवा नाही, आणि वरवर पाहता तो खराही वाटतो. पण तो मान्य केला तर मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राचा गाभाच पोकळ ठरतो. लेखिकेने ज्या आनंदाने ते लिहिले आहे तो आनंद तिचा स्वतःचा उरत नाही, नवऱ्याकडून उसना घेतलेला ठरतो. म्हणून हा लेखप्रपंच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराच्या कथेचा आरंभ आमच्या मुलखातून जाणाऱ्या आगगाडीत झाला, ही गोष्ट इकडच्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्याने अदबीने जागा दिली, काव्याच्या व धर्माच्या गोष्टी काढल्या, आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती ठेवून, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक उघडले ते केवळ वचन दिले होते म्हणून. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गाडी गोंदियावरून जाते, आणि बालाघाटला यावयाचे तर पूर्वी त्याच गोंदियाला गाडी बदलावी लागे. स्टेशनावर ताटकळत बसलो असता त्या अनोळखी सहप्रवाशाचा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. काही तासांची सोबत घडली, गाडी थांबली, आणि माणूस निघून गेला.

पतीच्या सोबतीने लक्ष्मीबाईंना ख्रिस्त भेटला, यात वाद नाही. प्रश्न त्या सोबतीचे स्वरूप काय, एवढाच आहे. येथे आम्हांला पौलाच्या एका जुन्या पत्राचे साहाय्य घ्यावेसे वाटते. पौल बंदिवासात आहे. मरून ख्रिस्ताजवळ जावे की जगून आपल्या माणसांच्या उपयोगी पडावे, अशा कात्रीत सापडून तो फिलिप्पैकरांस लिहितो. पहिल्या अध्यायाच्या अखेरीस तो म्हणतो की आपण जगू, पुन्हा त्यांच्याकडे येऊ, आणि त्या येण्यामुळे त्यांचा ख्रिस्तातील अभिमान व आनंद ओसंडून जाईल. आम्ही जन्मभर मुलांना विभक्ती शिकविल्या, त्यामुळे असे वाक्य दिसले की नजर प्रत्ययांकडे जाते. आनंद ख्रिस्तात आहे, ही सप्तमी झाली. तो वाढतो पौलाच्या येण्याने, ही तृतीया. पुढारी करण असतो, अधिकरण होत नाही. हा भेद कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात मात्र भक्तमंडळीत तृतीयेची सप्तमी कधी होऊन जाते ते कोणाला कळतही नाही. मग गुरू गेला की आनंदही त्याच्याबरोबर जातो.

आमच्या व्यवसायात हे रोज पाहावयास मिळते. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हांला एक मराठीचे मास्तर होते. त्यांच्या तासाला वर्ग मंत्रमुग्ध होत असे. त्यांची बदली झाली आणि पुढल्या वर्षी निम्म्या मुलांनी मराठी सोडली. त्या मुलांना मास्तर आवडत होते. मराठी आवडावयास लागली होती की नाही, हे मास्तर गेल्यावरच समजले.

आता 'स्मृतिचित्रे'कडे वळू. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या असत्या तर आमच्या मित्रांचा आक्षेप निर्विवाद ठरला असता. पण तसे घडले नाही. बातमी ऐकून त्या उन्मळून पडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. या वियोगातील बराच काळ पंढरपुरात गेला, आणि तेथे दुःखाच्या भरात त्यांच्या हातून पहिल्या कविता उतरल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, त्याही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. ज्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच्या प्रकरणांत इतके हास्यास्पद आणि इतके भयंकर रीतीने आले आहे, त्यांच्याच मुलीची ही वेगळी चूल आहे, हे वाचकाने विसरू नये. तीतून धर्म किती आणि बालपणीची भीती किती निघत होती, हे लेखिका स्वतः सांगत नाही. परंतु दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की ते आपोआप दिसते. टिळकांनी सक्ती केली नाही. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी एके दिवशी स्वतःच स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच दिले. उपदेशक समोर बसलेला नव्हता. उत्तर मिळाले त्या क्षणी सोवळे सुटले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. मध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, आणि या अंतरातच आमच्या मित्रांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. नवऱ्यामागून जाणारी बाई पाच वर्षे वाटेत थांबत नाही.

हा गैरसमज दृढ होण्यास या ग्रंथाच्या इंग्रजी अवतारांचीही थोडी मदत झाली असावी. ई. जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये निघाला. त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर'. ते ऐकून कोणालाही वाटावे की ही पतीच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या स्त्रीची कथा आहे. शांता गोखले यांनी २०१७ साली संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत आणला. तो फार मोलाचा आहे. त्याच्या उपशीर्षकात मात्र पुन्हा 'वाइफ' हा शब्द आहेच. पण 'आय फॉलो आफ्टर' या शब्दांकडे किंचित थांबून पाहावे. जुन्या इंग्रजी बायबलात हेच शब्द आहेत, आणि तेही फिलिप्पैकरांसच्या त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. पौल तेथे सांगतो की त्याला अजून सर्व काही प्राप्त झालेले नाही, पण ज्या ख्रिस्ताने त्याला धरले त्या ख्रिस्ताला धरण्यासाठी तो पुढे धावतो आहे. ज्याच्या कानांत ते जुने भाषांतर मुरलेले आहे, त्याला हे नाव ऐकताच नवरा आठवणार नाही, पौल आठवेल. मागे जाणे आहे खरे. प्रश्न आहे तो कोणाच्या मागे, हा.

तरीही हा सर्व बाह्य पुरावा झाला. ग्रंथाच्या आतला पुरावा आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो आहे लक्ष्मीबाईंच्या हसण्यात.

'स्मृतिचित्रे'तील टिळक कसे आहेत? शीघ्रकोपी आहेत. हातात पैसा टिकू देत नाहीत. स्वतःच्या घरात उद्याचे नसताना दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. मनात आले की कोणालाही न सांगता घर सोडून निघून जातात, आणि बायकोने शोध घेत बसावे. जगाचा प्रपंच उराशी घेतात आणि स्वतःच्या प्रपंचाचा हिशेब विसरतात. लक्ष्मीबाई यातले काहीही झाकत नाहीत. नवऱ्याच्या फजितीचे प्रसंग त्या अशा काही सांगतात की वाचकाला हसू आवरत नाही. स्वतःच्या फजितीचे तर त्याहूनही खुलवून सांगतात. या हसण्याला कडवटपणाचा वास नाही. तक्रारीची जागा आली की तेथे हटकून विनोद उभा राहतो, आणि त्या विनोदाखाली ममत्व असते. मराठीत नवऱ्याविषयी लिहिणाऱ्या स्त्रिया त्यापूर्वीही होऊन गेल्या. रमाबाई रानड्यांचा ग्रंथ १९१० सालचा. त्याचे मोल आम्ही जाणतो. पण त्यात न्यायमूर्ती देव्हाऱ्यात आहेत आणि लेखिका उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी आहे. लक्ष्मीबाईंचे टिळक ओसरीवर बसलेले आहेत, आणि बहुधा चुकीच्या वेळी.

हे हसू आमच्या मुद्द्याशी थेट निगडित आहे. ज्या पुढाऱ्यावर आपला सारा आनंद टेकलेला असतो, त्याला हसणे आपल्याला परवडत नाही. त्याला तडा गेला तर आपणच कोसळू, ही धास्ती मनात असते. म्हणून गुरुचरित्रे गंभीर असतात, आणि जितकी भक्ती परावलंबी तितकी ती अधिक गंभीर होतात. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते भक्तिभावाने लिहिलेले चांगले पुस्तक आहे. त्यात टिळक संत म्हणून भेटतात, कवी म्हणून भेटतात, परंतु त्यांच्यासाठी ताट वाढून वाट पाहण्याची पाळी वाचकावर येत नाही. लक्ष्मीबाईंना तो अनुभव पुरेपूर होता, आणि तो असूनही त्यांना या माणसाच्या सहवासात ख्रिस्त दिसला. टिळकांना निर्दोष ठरविण्याची गरज त्यांना कोठेही भासत नाही. खिडकीची काच डागाळलेली असली तरी उजेड आत येतोच. काच पुसण्याचे नाटक न करता त्या उजेड आल्याचे तेवढे सांगतात.

आणि तो उजेड कोठून आला? आमच्या मते टिळकांच्या प्रवचनांतून तो आला नाही. तो आला घराच्या उघड्या दारातून. त्या घरात बाहेरची मुले सतत असत. अनाथ असत, निराधार असत, आणि कोणी कवी होण्याची स्वप्ने पाहणारेही असत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे अहमदनगरला याच घरात मुलासारखे राहिले. ज्या कवीच्या एका प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातच आनंद दोनदा येतो, त्याचे रुसवे-फुगवे लक्ष्मीबाईंनी सोसले आणि लिहिलेही. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घराने त्यांच्यावर माया करण्यासाठी तशी अट घातली नाही. प्लेगच्या दिवसांत लोक आपली माणसे टाकून पळत होते, तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांची शुश्रूषा करावयास उभ्या राहिल्या. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या घरात वाढलेल्या मुलीचे हात हे काम करतात, याला त्या काही चमत्कार म्हणत नाहीत. हकीकत सांगतात आणि पुढच्या प्रसंगाकडे जातात. पण ज्याला आनंद म्हणतात त्याची याहून चांगली व्याख्या आम्हांला तरी ठाऊक नाही: ज्या गोष्टीची जन्मभर भीती बाळगली, तिला हात लावताना भीती आठवूच नये.

टिळकांना स्वतःला या धोक्याची जाणीव होती असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. 'अभंगांजली'त ते ख्रिस्ताला गुरू करतात, माउली करतात. म्हणजे गुरूची जागा रिकामी ठेवीत नाहीत, आणि ती स्वतः घेतही नाहीत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मान होता, नाव होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. दरबार या शब्दाकडे लक्ष द्यावे. दरबारात सिंहासन एकच असते, आणि त्यावर कोणाला बसवावयाचे हे टिळकांनी नावातच सांगून टाकले होते. प्रयोग फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले, आणि दरबार विखुरला. ख्रिस्ताचे नाव पुढे असूनही लोकांना जमविणारी ओढ टिळकांचीच होती, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. आम्हांला हे लिहिताना वाईट वाटते, कारण कल्पना उदात्त होती. पण पुढारी गेल्यावर काय उरते, या एका कसोटीवर जी गोष्ट टिळकांच्या दरबाराला साधली नाही ती त्यांच्या घराला साधली, हे नोंदविणे प्राप्त आहे.

टिळक गेल्यावर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. त्यांनी वसतिगृहात मेट्रनचे काम केले, मुलाच्या संसाराबरोबर दूर कराचीपर्यंत गेल्या, आणि लिहीत राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय होऊन ते थांबले. ज्या बाईला अक्षरओळखही नवऱ्यामुळे झाली, तिने पुढचे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला.

येथे आमचे काही भिन्न मत आहे, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. 'ख्रिस्तायना'चा उल्लेख झाला की लोक बाईंच्या निष्ठेचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण काव्य म्हणून पाहता या ६४ अध्यायांत लक्ष्मीबाईंचा खरा आवाज आम्हांला क्वचितच ऐकू येतो. ओवी चालते, कथा पुढे सरकते, श्रद्धा जागोजाग प्रकट होते. पण ती प्रकट होते यातच सारे संपते. पतीने सोडलेले काम पत्नीने पुरे केले, या भावनेचे ओझे त्या ओव्यांवर आहे. आमच्या वयोवृद्ध मित्रांचा आक्षेप 'ख्रिस्तायना'ला काही अंशी लागू पडेल. 'स्मृतिचित्रे'ला तो लागू पडत नाही. 'स्मृतिचित्रे'त प्रार्थनेच्या गोष्टी थोड्या आहेत, सिद्धान्ताची चर्चा त्याहून थोडी. ख्रिस्ताचे नाव पानोपानी येत नाही म्हणून काही धर्मनिष्ठ वाचक हळहळतही असतील. आणि तरी ख्रिस्ती आनंद म्हणून जर काही असेल तर तो या गद्यात आहे, त्या पद्यात नाही. एके ठिकाणी बाई पुढाऱ्याचे काम पुरे करीत आहेत. दुसऱ्या ठिकाणी, त्याच पुढाऱ्याच्या चरित्रासाठी आठवणी लिहावयास बसल्या असता, त्या नकळत स्वतःला लिहून गेल्या.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. कालक्रम सैल आहे. एका आठवणीतून दुसरी निघते आणि सन-साल मागे राहते. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या या लेखनात पहिल्या भागाची घट्ट वीण शेवटच्या भागात उरलेली नाही. टिळकांच्या मृत्यूनंतरची प्रकरणे पुष्कळांना फिकी वाटतात. आम्हांलाही पहिल्या वाचनात तशीच वाटली होती. मुख्य पात्र निघून गेल्यावर नाटक रेंगाळावे, तसे. आमच्या बैठकीतही टिळकांचा मृत्यू वाचून झाल्यावर एक-दोघांनी पुस्तक येथेच मिटावे असे सुचविले होते.

आम्ही मिटले नाही, हे बरे झाले. कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच फिक्या मानलेल्या पानांत आहे. टिळक नाहीत. घरात त्यांचा गडगडाट नाही, त्यांचे रागावणे नाही, रात्री-अपरात्री दारात आणून उभे केलेले पाहुणे नाहीत. लेखिकेचे दुःख आहे, ते ती लपवीत नाही. आणि दोन-चार पानांच्या आत कसलीशी फजिती होते, बाई ती सांगावयास लागतात, आणि पूर्वीचे तेच हसू ऐकू येते. ते उसने असते तर आता ते कोठून आले असते? घरधनी जाऊन पुष्कळ दिवस झाले होते.

पुढल्या बैठकीत आम्ही हे शेवटचे भाग पुन्हा वाचावयास घेतले. आमचे वयोवृद्ध मित्र प्रथम कपाळाला आठ्या घालून बसले होते. एका प्रसंगाला ते मोठ्याने हसले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि "वाचा, पुढे वाचा," म्हणाले. व्रताचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.